बदकाच्या पिल्लांचे पाय: ब्रूअर्स यीस्ट घ्यावं की बी-कॉम्प्लेक्सचं सिरप?

पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इतरांच्या मागे पडायला लागलं, चार पावलं टाकून बसकण मारायला लागलं, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसायला लागले की कोणीतरी सांगतंच, नायसिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्व, कमी पडतंय म्हणून. इथपर्यंत सगळे येतात. पुढचा प्रश्न असा की ते द्यायचं कशातून, खाद्यात ब्रूअर्स यीस्टची (वाळवलेल्या यीस्टची) पावडर मिसळायची की पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं सिरप घालायचं? मी दोन्ही वापरलंय, वेगवेगळ्या खेपेच्या पिल्लांना, खाकी कॅम्पबेललाही आणि पांढऱ्या पेकिनलाही, आणि माझं एक मत झालंय, पण तुमची जागा, तुमचा वेळ, पिल्लं किती आहेत यावर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगतो.

आकडे थोडक्यात बघू कारण पुढच्या हिशोबाला लागतात. बदकाच्या पिल्लाला एक किलो खाद्यामागे साधारण ५५ मिग्रॅ नायसिन लागतं. कोंबडीच्या पिल्लाची गरज २७ ते ३५ च्या आसपास असते. आपल्याकडे बदकांचं वेगळं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, गावातल्या दुकानात मिळत नाही, आपण कोंबडीचंच आणतो, म्हणजे सुरुवातच तुटीतून होते. त्यात बदकाचं शरीर ट्रिप्टोफॅनपासून (प्रोटीनमधला एक घटक) स्वतःचं नायसिन बनवण्यात फार कच्चं, आणि मक्यात जे नायसिन असतं ते बरंचसं बांधलेल्या रूपात असतं, पचनात सुटतच नाही. ज्वारीचा भरडा घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांमध्ये पेलाग्रा दिसायचा, तो याच नायसिनच्या कमतरतेचा आजार. नुसता मका-ज्वारी घातलेली पिल्लं लंगडली तर त्यात नवल नाही. केरळात कुट्टनाडला कापणी झालेल्या भातशेतात बदकांचे कळप चरायला सोडतात, तिथे गोगलगायी, किडे, सांडलेलं भात असं सगळं पोटात जातं. आपल्या सिमेंटच्या परसात ते कुठून येणार?

अजून एक, आधी खात्री करा की दुखणं हेच आहे. तळपायाला काळी खपली आणि खाली कडक गाठ असेल तर तो तळव्याचा संसर्ग आहे, त्याला नायसिन देऊन काही होणार नाही. मागच्या सांध्यावरची शीर (टेंडन) जागेवरून सरकून पाय एका बाजूला वळलाय असं बोटाला जाणवलं तर मँगनीज किंवा कोलीन या पोषकद्रव्यांच्या कमतरतेकडे बघायला हवं, नायसिनच्या दुखण्यात सांधा जाड होतो पण शीर सहसा सरकत नाही. खाली वर्तमानपत्र अंथरलंय आणि पाय फाकतायत, तर आधी वर्तमानपत्र काढा, गोणपाट नाहीतर रबराची मॅट टाका. आणि मोठी बदकं एकदम मान टाकून पडायला लागली किंवा एकाच वेळी बरीच आजारी पडली तर हे वाचत बसू नका, सरळ गुरांच्या डॉक्टरला फोन करा.

आता सिरप.

सिरपची मोठी जमेची बाजू म्हणजे ते आज संध्याकाळी मिळतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. लेबलवर निकोटिनामाइड किंवा नायसिनामाइड लिहिलेलं असतं, तेच आपल्याला हवं, नावं दोन असली तरी वस्तू एकच, नायसिनचंच एक रूप. बदकं पाळणारे सर्रास जे प्रमाण धरतात ते लिटरभर पाण्याला ३० ते ४० मिग्रॅ, म्हणजे ज्या सिरपच्या ५ मिलीत १५ मिग्रॅ निकोटिनामाइड आहे त्याचे लिटरला १० ते १३ मिली होतात. लोह घातलेलं टॉनिक घेऊ नका, साधं बी-कॉम्प्लेक्स बघा. आणि कुक्कुटखाद्याच्या दुकानात "व्हिटॅमिन द्या" म्हटलं की हातात जे थेंब येतात त्यात कित्येकदा ए, डी३, ई आणि बी१२ एवढंच असतं, नायसिनचा पत्ताच नसतो, पिल्लं आठवडाभर ते पितात आणि पाय तसेच राहतात, तेव्हा लेबल दुकानातच वाचा. लंगडणारं एखादंच पिल्लू असेल तर सिरपसारखं दुसरं काही नाही, ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब सोडता येतो, किती पोटात गेलं ते डोळ्यांसमोर असतं, आणि लवकर पकडलं असेल तर दोन-चार दिवसांत पिल्लाच्या उभं राहण्यात फरक दिसायला लागतो, निदान माझ्याकडे तरी दिसलाय.

पण कळपाला पाण्यातून द्यायचं म्हटलं की सुरू होतं ते पाणी प्रकरण, आणि माझा कल खरं तर यानेच ठरवला.

बदकाचं पिल्लू पाणी नुसतं पीत नाही. खाद्याचा घास घेतं, पाण्याशी जातं, चोच बुडवतं, अर्धा घास पाण्यात सोडतं, डोकं बुडवतं, मान झटकतं, शेजारच्याच्या अंगावर उडवतं, आणि जमलं तर ड्रिंकरमध्ये चढून बसतं. ही त्यांची गरजही आहे, नाकपुड्या आणि डोळे धुवायला त्यांना चोच पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतंच, त्यामुळे बारीक कडेचं कोंबडीचं भांडं देऊन हे टाळावं म्हटलं तर तेही बरोबर नाही. म्हणजे सकाळी नीट मोजून घातलेलं सिरप दुपारपर्यंत जमिनीवर, भिंतीवर, पिसांवर आणि भांड्याच्या तळाशी बसलेल्या खाद्याच्या गाळात गेलेलं असतं. पाणी दिवसातून तीन-चारदा बदलावं लागतंच, प्रत्येक वेळी पुन्हा मोजून सिरप घाला. धट्टंकट्टं पिल्लू भरपूर पितं, आणि ज्याला खरी गरज आहे ते लंगडतंय म्हणून पाण्यापर्यंत येतच नाही. नायसिन पाण्यात विरघळणारं आहे, शरीर जादाचं साठवून ठेवत नाही, त्यामुळे थोडं जास्त गेलं तर फार काळजी नसते, पण कमी गेलं तर आपल्याला कळत नाही ना.

हे एवढंही चालवून घेतलं असतं. पण सिरप गोड असतं. कोकणात गोड पाणी जमिनीवर सांडलं की तासाभरात लाल मुंग्यांची रांग लागते. पिल्लांच्या छातीवरची लव साखरेच्या पाण्याने चिकट होते, त्यावर तूस आणि खाद्य चिकटतं, अंग नीट वाळत नाही, आणि मुंग्या तिथपर्यंत जातात. जे पिल्लू उठून पळू शकतं ते पळतं, पाय गेलेलं पिल्लू जागीच बसलेलं असतं, म्हणजे आपण ज्याच्यासाठी औषध देतोय नेमकं तेच मुंग्यांना सापडतं. ड्रिंकर पाण्याच्या परातीत ठेवून बघितला, पिल्लं परातीत खेळली. भोवती हळद टाकली, राख टाकली, सांडलेल्या पाण्याने दोन्हीचा चिखल झाला. मुंग्यांची पावडर पिल्लांच्या आसपास टाकणं मला पटत नाही, ती सगळं चोचीने चाचपून बघतात. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जाऊन लंगड्या पिल्लाच्या पोटाखालून मुंग्या निवडत बसलोय मी, आणि त्या खेपेनंतर कळपाच्या पाण्यात सिरप घालणं बंद केलं ते कायमचं. तुमच्याकडे लोखंडी पायांवर उभा केलेला, जाळीच्या तळाचा पिंजरा असेल, मुंग्या कमी असतील, तर हा त्रास तुम्हाला कदाचित होणारही नाही.

कोणी म्हणेल गोळी कुटून घाला, तिला साखर नसते. बरोबर आहे, मुंग्या टळतात, पाणी सांडायचं ते सांडतंच. शिवाय ५०० मिग्रॅची हळूहळू विरघळणारी नायसिनची गोळी मिळते ती माणसांच्या कोलेस्टेरॉलसाठी असते, ती कुटायची नसते. साधी निकोटिनामाइडची गोळी मिळाली तर जरूर वापरा, आमच्याकडे सहज मिळत नाही.

यीस्टकडे येतो. ब्रूअर्स यीस्ट म्हणजे मेलेलं, वाळवलेलं यीस्ट, बेकरीत पाव फुगवायला वापरतात ते जिवंत इन्स्टंट यीस्ट नव्हे, ते घालू नका, पोटात जाऊन आंबतं. साध्या ब्रूअर्स यीस्टमध्ये किलोला साधारण ४५० मिग्रॅ नायसिन असतं. किलोभर स्टार्टरमध्ये ५० ग्रॅम घातलं की २२ मिग्रॅच्या आसपास भर पडते, मूळचं ३०-३५ धरलं तर आपण बरोबर ५५ च्या घरात येतो. एक कप खाद्याला दीड टेबलस्पून असंही एक माप चालतं, ते बरंच सढळ आहे, पण मूळ खाद्यातलं सगळं नायसिन पचत नाही हे धरलं तर मला सढळ हातच बरा वाटतो. यीस्टबरोबर बाकीची बी जीवनसत्त्वं आणि थोडं प्रोटीनही जातं. आणि खाद्य पोटात गेलं की यीस्ट गेलंच, प्रत्येक पिल्लू आपल्या वाढीच्या हिशोबाने खातं, जे जास्त वाढतंय त्याला जास्त लागतं आणि ते जास्त खातं. पेकिनसारख्या झटपट वजन घेणाऱ्या जातीत मला हे फार मोलाचं वाटतं, पायावर भार तिथेच जास्त येतो.

त्रास यातही आहेत. यीस्ट गावात मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं, कुरिअर यायला वेळ लागतो आणि तोवर पिल्लाचे पाय थांबत नाहीत. सिरपपेक्षा महाग पडतं, पिल्लं वीस-पंचवीस असतील तर खर्च जाणवतो. चवीला कडवट असतं, सुरुवातीला एखादं पिल्लू नाक मुरडतं. आणि कोरड्या खाद्यात मिसळलं की पावडर खाली बसते, पिल्लं वरचा चुरा खातात, यीस्ट ताटलीच्या तळाशी राहतं. त्यावर उपाय म्हणजे खाद्य जरा ओलसर करून मिसळायचं, हाताने मुठीत दाबलं तर गोळा व्हावा इतपतच. पण ओलं खाद्य आमच्या हवेत दोन-तीन तासांत आंबायला लागतं, पावसाळ्यात तर रात्रभर राहिलेल्या खाद्यावर बुरशी दिसते, आणि बुरशीच्या बाबतीत बदकाचं पिल्लू सगळ्यात नाजूक. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीच्या विषाने एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, त्याच प्रकरणातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला, आणि पुढे हे विष ओळखायच्या चाचणीसाठी बदकाचीच पिल्लं वापरली जायची, एवढ्या कमी विषाने त्यांचं लिव्हर बिघडतं. म्हणून मी ओलं खाद्य थोडं थोडं करतो, अर्ध्या तासात संपेल एवढंच, उरलं तर टाकून देतो, ताटली धुऊन उन्हात ठेवतो. हा कामाचा भाग आहे, पण तो माझ्या ताब्यातला आहे, मुंग्या नव्हत्या.

शेंगदाणे किंवा पेंड घालून भागवावं असं सुचवणारे भेटतात, कारण शेंगदाण्यात नायसिन चांगलं असतं. वर सांगितलेल्या कारणाने मी पिल्लांना पेंड घालत नाही, दमट हवेत साठवलेली तर मुळीच नाही. मासळी चांगली, पण मीठ लावलेली सुकी मासळी पिल्लांना नको, मीठ त्यांना झेपत नाही. तळ्याकडेची गोगलगाय, गांडूळ, मटार हे सगळं वरचं म्हणून द्या, भरवसा त्यावर ठेवू नका.

तर माझ्या अनुभवापुरतं बोलायचं तर पिल्लं घरात यायच्या आधी यीस्ट मागवून ठेवावं, पहिल्या दिवसापासून खाद्यात घालावं, निदान पहिले आठ-दहा आठवडे, म्हणजे पाय वाकायची वेळच सहसा येत नाही. ज्यांची पिल्लं आत्ता लंगडतायत त्यांनी यीस्टची वाट बघू नये, आज सिरप आणून ड्रॉपरने त्या एका पिल्लाला द्यावं, तोंड आणि छाती ओल्या फडक्याने पुसावी, आणि कुरिअर आलं की सगळ्यांना यीस्टवर घ्यावं. दोन-तीनच पिल्लं असतील, तुम्ही दिवसभर घरी असाल आणि मुंग्यांचा उपद्रव नसेल तर नुसतं सिरपही चालून जाईल, मी नाही म्हणणार नाही.

काहीही निवडलं तरी दुखऱ्या पिल्लाला वेगळ्या खोक्यात, खाली गोणपाट किंवा पेंढा, खाद्य आणि पाणी चोचीच्या टप्प्यात, असं ठेवा. रोज दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबमध्ये तरंगू द्या, भार न घेता पाय हलतात, मग नीट पुसून उबेत ठेवा. एकटं पडलं तर खाणं सोडतं, म्हणून जाळीच्या पलीकडे भावंडं दिसतील असं खोकं लावा. आठवडाभर व्यवस्थित नायसिन जाऊनही काहीच फरक नसेल किंवा सांधा गरम आणि सुजलेला लागत असेल तर डॉक्टरला दाखवा, कारण हाड एकदा वाकडं वाढलं की ते यीस्टनेही सरळ होत नाही आणि सिरपनेही.