वाडीतील पाट्यांचे दुकान आणि आमची २०१० ची गेटअवे

जुन्या फोर-व्हील पिकअपला घरच्या अंगणात नवे रूप द्यायचे ठरवले, की नजर आधी मोठ्या टायरांकडे, छतावरच्या दिव्यांकडे आणि गाडी उंच करणाऱ्या किटकडे जाते. माझीही तशीच गेली होती. त्या चुकीची किंमत मोजल्यावर मी नागपूरच्या अमरावती रस्त्यावरील वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातल्या एका पाट्यांच्या, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी कमानपट्ट्यांच्या (लीफ स्प्रिंग), दुकानात पोहोचलो, आणि तिथे झालेल्या कामाला आता सात महिने उलटल्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येते. दुकानाच्या पाटीवरचे नाव उन्हाने पार उडाले आहे. ‘पाटे, बुश, यू-बोल्ट’ एवढीच अक्षरे शिल्लक आहेत आणि ट्रकवाले त्याच खुणेने ते ओळखतात.

आमची गाडी म्हणजे महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, फोर बाय फोर. तिला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांड्या) आहेत आणि मागे पाटे. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, तेव्हा परतीच्या पावसाने काळी माती अनेकदा ओलीच असते आणि बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट फोर-व्हील लावल्याशिवाय पार होत नाही. अशा वाटेवरून ही गाडी पंधरा हंगाम साधारण सातशे किलो माल ओढत आली. मागची बाजू बसली होती, त्यातही ड्रायव्हरची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा २५ मिलिमीटर खाली गेली होती.

तीन वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून शहरातील एका वेगळ्या ठिकाणी पुढचे टॉर्शन बारचे बोल्ट आवळून गाडीचे नाक उचलण्यात आले आणि मागे प्रत्येक बाजूला एकेक जाड पाटा वाढवण्यात आला. गाडी उभी असताना रुबाबदार दिसत होती, हे खरे. परंतु टॉर्शन बारचा बोल्ट आवळल्याने बार अधिक ताकदवान होत नाही, फक्त त्याची सुरुवातीची स्थिती बदलते. चाकाला खाली जायला जी जागा हवी असते ती आधीच संपून जाते आणि प्रत्येक खड्ड्यात चाक खालच्या अडथळ्यावर आदळते. शिवाय पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो. आमच्या गाडीचा एका बाजूचा रबरी बूट चार महिन्यांत फाटला, ग्रीस बाहेर पडले, चिखल आत गेला आणि सांधा बदलावा लागला. मागे वाढवलेल्या जाड पाट्यामुळे रिकामी गाडी इतकी उडत असे, की आईने तिच्यात बसणेच सोडून दिले.

वाडीच्या दुकानात मी गेलो तो आणखी एक पाटा वाढवून घ्यावा या विचारानेच. तिथले कारागीर साठीच्या पुढचे आहेत. मी दर विचारताच ते म्हणाले, “भाऊ, आधी दोरी लावू द्या, मंग पैशाचं बोलू.” त्यांनी पाट्याच्या एका डोळ्यापासून (टोकाच्या गोल भोकापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणली, मधोमध पट्टी धरून कमानीची उंची मोजली आणि दोन्ही बाजूंचे आकडे खडूने चेसिसवरच लिहिले. मग वाढीव जाड पाट्याकडे बोट दाखवून हा पहिल्यांदा बाहेर काढा, असे सांगितले. आलेल्या गिऱ्हाइकाला माल न विकता आधी मोजमाप करणारा माणूस या धंद्यात मला प्रथमच भेटला.

पाटे उतरवण्याचे काम मी त्रिमूर्तीनगरच्या घरी केले, कारण त्यात मजुरी वाचते आणि प्रत्येक भाग डोळ्यांखालून जातो. चेसिसखाली दोन भक्कम घोड्या लावल्या, ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोलला आणि मगच यू-बोल्ट (पाट्यांचा संच ॲक्सलला जखडणारे बोल्ट) सैल केले. ज्यांना हे घरी करायचे आहे त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: संचातले सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट बसवावेत आणि नंतर ते थोडे थोडे सैल करत जावे. पाट्यांचा संच ताणलेला असतो. तो एकदम सुटला तर हात वाचणार नाही.

संच उघडल्यावर पाट्यांच्या मधून काळ्या मातीच्या चपट्या वड्या निघाल्या, भाजलेल्या विटेसारख्या कडक. त्या खरवडून काढल्यावर खरा दोष दिसला. प्रत्येक पाट्याचे टोक वरच्या पाट्याच्या पोटावर घासून तिथे आडवा चर पडला होता आणि बोटाचे नख त्यात सहज अडकत होते. मधल्या एका पाट्यात हा चर जवळपास एक मिलिमीटर खोल होता आणि त्यातून केसासारखी बारीक भेग एका कडेकडे गेली होती. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे आठ मिलिमीटरचा पाटा झिजून सात मिलिमीटरचा झाला तर त्याचा ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. झिजलेल्या संचावर एक जाड पाटा चढवला की जवळजवळ सगळा भार तो एकटा उचलतो आणि बाकीचे पाटे फक्त सोबतीला राहतात, हे त्या चराकडे पाहताना मला पहिल्यांदा नीट उमगले.

दुकानात भेग गेलेला पाटा आणि त्याचा दुसऱ्या बाजूचा जोडीदार असे दोन पाटे नवे कापून बसवले. उरलेले भट्टीत लाल करून साच्यावर कमान दिली, तेलात बुडवले आणि पुन्हा मंद आचेवर तापवून हळूहळू थंड होऊ दिले. ही शेवटची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. नुसता लाल करून तेलात बुडवलेला पाटा काचेसारखा ठिसूळ राहतो, तर गॅसच्या ज्योतीने मध्येच तापवून वाकवलेला पाटा तेवढ्या भागात मऊ पडतो. थंडा पाटा ऐरणीवर ठोकून कमान देण्याची पद्धतही सर्रास चालते. ती स्वस्त पडते, पण भार पडला की कमान लवकर उतरते. इथे दुसऱ्यांदा तापवण्याचे काम मी स्वतः उभा राहून पाहिले. तापमान मोजण्याचे यंत्र मात्र दुकानात नाही. पोलादावर चढणाऱ्या रंगावरून अंदाज घेतला जातो. अनुभवी हाताखाली हे निभते, तरी एवढे चांगले काम करणाऱ्यांनी मापक घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

याखेरीज तीन तक्रारी आहेत. दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम पाचव्या दिवशी मिळाले आणि मध्ये कोणी कळवले नाही. यू-बोल्ट नवे दिले हे योग्यच झाले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. पण पाचशे किलोमीटरनंतर तो परत आवळावा लागतो, हे सांगायला हवे होते. मी आवळला तेव्हा चारही बोल्टांच्या नटांनी जवळपास अर्धा फेरा घेतला. आणि बुशच्या बाबतीतही सूचना मिळाली नाही. पाट्याच्या डोळ्यात बसणाऱ्या रबरी बुशचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना शेवटपर्यंत आवळले, तर पाटे लोंबकळत असतात आणि गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत असे रबर लवकर चिरते. म्हणून गाडी चाकांवर उतरवून, चारदोन वेळा दाबून मगच हे बोल्ट पूर्ण आवळावेत.

एकूण खर्च ९,८०० रुपये आला. त्यात दोन नवे पाटे, भट्टीचे काम, बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट धरले आहेत, उतरवणे-चढवणे माझे. बिल मागितल्यावर मिळाले, त्यावर पाट्यांची जाडी लिहिलेली नव्हती, ती मी लिहून घेतली.

फरक कोणता पडला, तर मागची बाजू बसलेल्या स्थितीपेक्षा ४० मिलिमीटरने उचलली गेली आणि दोन्ही बाजू समान झाल्या. सर्वांत मोठा फायदा चिखलात जाणवला. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या संथ पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, मागच्या ॲक्सलवर येणारा पीळ फार मोठा असतो आणि दुबळे पाटे तेव्हा इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) नाक वर उठते, चाक उड्या मारत माती खोदते. बागेच्या बांधावर पूर्वी हमखास होणारी ती धडधड या हंगामात एकदाही झाली नाही. ३५ क्रेट भरलेले असतानाही गाडी सपाट उभी राहते. सात महिन्यांनी सुतळी लावून पाहिली तर कमान दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटरच उतरली आहे, आणि नव्याने घडवलेला संच सुरुवातीला एवढा बसतोच. पुढचे टॉर्शन बार मी मूळ मापावर आणले आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली. मागे भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असलेल्या पिकअपमध्ये उंची बदलली की तो व्हॉल्व्ह फसतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात, हेही उंची मूळ मापाजवळ ठेवण्याचे कारण होते.

कायद्याचा विचारही दुय्यम नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ विषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मूळ मापाचे, नीट घडवलेले पाटे घेऊन योग्यता तपासणीला जाताना मनावर कसलेही दडपण नसते.

दुकान सकाळी दहाच्या सुमारास उघडते. संत्र्याचा हंगाम तोंडावर आला की तिथे ट्रक आणि छोटा हत्तींची रांग लागते आणि लहान कामे मागे पडतात. मी पुढच्या वेळी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी जाणार आहे. पाटे घरूनच उतरवून, धुऊन, दोन्ही बाजूंवर खडूने डावा-उजवा लिहून नेले तर भट्टीवर आपला नंबर लवकर लागतो.