आठ दिवे लागले आणि मी पैसे दिले

संगणकांची नेटवर्क वायरिंग करणाऱ्या ठेकेदाराने शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला. काडेपेटीच्या दीडपट आकाराचे दोन तुकडे. एक त्याने भिंतीतल्या जॅकला, म्हणजे वायरचा प्लग बसतो त्या सॉकेटला लावला, दुसरा त्याचं पोरगं सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या रॅककडे घेऊन गेलं. तिकडून "लावलं!" असा आवाज आला आणि एक, दोन, तीन करत आठ हिरवे दिवे ओळीने लुकलुकत गेले. "बघा साहेब, आठच्या आठ ओके." चोवीस जागांवर चोवीस वेळा ही आरती झाली. मग मी उरलेले २१,२०० रुपये त्याला रोख मोजून दिले, वर दोघा पोरांना भडंग आणि चहा.

ते दिवे खोटे नव्हते, हे आधीच सांगतो. टेस्टर बिघडलेला नव्हता, हातचलाखीही नव्हती. तरी मी फसलो, आणि आजही कुणीतरी त्याच आठ दिव्यांवर पैसे मोजत असणार, म्हणून हे लिहायला बसलो.

सांगलीच्या विश्रामबागेत माझी अभ्यासिका आहे. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडची मुलं खोल्या करून राहतात आणि सकाळी सहापासून येऊन बसतात. बँकेच्या परीक्षा संगणकावर होतात, २०२३ची तलाठी भरतीही संगणकावरच झाली. तेव्हा सराव तसाच हवा, असं मुलंच म्हणायला लागली. म्हणून मागची मोठी खोली रिकामी केली आणि चोवीस संगणक मांडले. एवढ्या जणांनी एकाच वेळी वायफायवर पेपर द्यायचा, हे मला नको होतं. प्रत्येक टेबलाला भिंतीतून स्वतंत्र वायर, हा हट्ट माझाच.

तीन कोटेशनं घेतली. हा सर्वांत स्वस्त नव्हता, मधला होता, आणि म्हणूनच मला बरा वाटला. एका पॉइंटला २,४०० रुपये. त्यात कॅट-६ दर्जाची केबल शुद्ध तांब्याची, जॅक नामांकित कंपनीचे, पॅचकॉर्ड (जॅकपासून संगणकापर्यंतची छोटी वायर) धरून. शिवाय मशीनवर तपासून छापील रिपोर्ट देणार, त्याचे पॉइंटमागे १५०. एकूण ६१,२००. पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे अकरा हजार वरती. "कशाला साहेब, तुम्हाला काय सेटऑफ घ्यायचाय का?" तो म्हणाला, म्हणजे भरलेला कर माझ्या करातून वजा करून घ्यायचाय का. मीही म्हटलं, कशाला. ही चूक माझी, आणि ती पुढे चांगलीच नडली.

पहिले पंधरा दिवस कुणाची तक्रार नाही, कारण पंधरा दिवस मुलं नुसत्या नोट्स वाचत होती. सराव पेपर सुरू झाले तशी कुरकुर सुरू झाली. आकृतीचा प्रश्न आला की आकृतीच्या जागी पांढरा चौकोन. सबमिट दाबलं की चाक फिरत राहायचं. गंमत म्हणजे मुलांनी यावरचं शास्त्र माझ्याआधी तयार केलं होतं. खिडकीकडची ओळ खराब, दाराकडची बरी, आणि सतरा नंबरच्या टेबलाला साडेसाती. सतरा नंबर वाट्याला येऊ नये म्हणून पोरं पावणेसहालाच दारात उभी असायची. मला वाटायचं, काय अभ्यासू बॅच लाभली आहे.

मी सगळा दोष इंटरनेटला दिला. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा केला, मग तीनशेचा. कंपनीचा पोरगा दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट राउटरला लावून तीनशे दाखवले. "काका, आमच्याकडनं फुल्ल येतंय. तुमच्यातच कुठंतरी गळतंय." ठेकेदाराला बोलावलं. तो आला, टेस्टर काढला, आठ दिवे. "वायरिंगमध्ये काय बी नाही साहेब, तुमचे पीसी जुने झालेत."

भाचा पुण्यात नेटवर्किंगचं काम करतो. दिवाळीत आला तेव्हा त्याला सतराव्या टेबलाची साडेसाती सांगितली. तो संगणकाकडे गेलाच नाही. पॅचकॉर्डचं टोक त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"मामा, रंग वाचा."

प्लग पारदर्शक असतो, आतल्या तारा दिसतात. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मला तर अगदी नीटनेटकं वाटलं, जोडीला जोडी. तीच चूक होती. चौथ्या-पाचव्या जागी निळी जोडी हवी आणि हिरवी जोडी तिला मध्ये घेऊन तिसऱ्या आणि सहाव्या जागी. तीन आणि सहा मिळून एक जोडी, असं यंत्र धरून चालतं.

ज्यांच्या घरी लँडलाइन होता त्यांना क्रॉस कनेक्शन आठवत असेल. आपण मावशीशी बोलतोय आणि मागे कुणीतरी हळदीचा भाव विचारतंय. त्यात कधी एक्स्चेंजची चूक असे, कधी केबलमध्ये शिरलेलं पाणी. पण दोन तारा शेजारून लांबवर गेल्या की एकीतला सिग्नल दुसरीत थोडा उतरतोच, त्याला क्रॉसटॉक म्हणतात. मिरजेत सतारीच्या कारखान्यात गेलात तर वरची तार छेडल्यावर खालच्या तरफेच्या तारा हात न लावता गुणगुणताना ऐकू येतील. तिथे कंपाचं काम, इथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं. पण तिथे जे मुद्दाम घडवून आणतात तेच इथे नको असतं. त्यावरचा उपाय जुना आहे. दोन तारा एकमेकींना पिळायच्या. ग्रॅहम बेलने १८८१ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. एकीत जो सिग्नल त्याच्या उलटा दुसरीत जातो. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट वजा होतो.

माझ्या कॉर्डमध्ये तिसरी तार हिरव्या पिळातली आणि सहावी निळ्या पिळातली. नावापुरती जोडी, संसार वेगवेगळ्या घरी. टेस्टर एवढंच विचारतो की इकडची तीन नंबर तिकडच्या तीन नंबरला पोचली का. पोचली, दिवा हिरवा. वाटेत शेजारणीचं काय काय ऐकत आली, हे तो विचारतच नाही.

खिडकीकडच्या बारा कॉर्ड एका पोराने ठोकल्या होत्या, दाराकडच्या दुसऱ्याने. दुसऱ्याला क्रम माहीत होता. मुलांचं शास्त्र बरोबर निघालं.

सतराला कारखान्यात बनलेली तयार कॉर्ड लावली. फरक पडला, पण पुरता नाही. मग भाच्याने भिंतीवरची फेसप्लेट काढली. चारही जोड्यांचा पीळ दोन-सव्वादोन इंच उसवलेला, शेवया कोंबाव्यात तशा तारा डब्यात कोंबलेल्या. जॅकला जोडताना पीळ अर्ध्या इंचाच्या, म्हणजे तेरा मिलिमीटरच्या वर सोडायचा नसतो.

यापुढचं मी त्याच्याकडून तीनदा समजून घेतलं, कारण खरी लबाडी इथेच लपते. प्लगच्या तोंडाशी तारा पिळलेल्या ठेवता येत नाहीत. आठ पात्या जेमतेम एकेक मिलिमीटरवर सरळ रांगेत बसतात, आणि तीन-सहाची जोडी चार-पाचच्या दोन्ही अंगांना. ही रचना टेलिफोनच्या जमान्यातून चालत आलेली, आता कुणाला बदलता येत नाही. म्हणजे तिथे क्रॉसटॉक होणारच. चांगला जॅक काय करतो, तर तेवढ्याच मापाचा पण उलटा क्रॉसटॉक स्वतः तयार करतो. त्याच्या पोटात नखाएवढी सर्किटची पाटी असते. तिसऱ्या तारेतून चौथीत जेवढं गळलं तेवढंच पाचवीतही पडावं, अशा बेताने त्या पाटीवर तांब्याच्या रेषा आखलेल्या असतात. चौथी आणि पाचवी दोघींवर सारखंच पडलं की दोघींच्या फरकात ते उरत नाही. काही जॅकमध्ये पात्याच एकमेकींवरून ओलांडून नेतात. ही भरपाई पात्यांना जितकी खेटून, तितकी चांगली. कॅट-६ची कसोटी २५० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. तिथे सेंटिमीटरभर अंतरानेही उलटा सिग्नल उशिरा पोचतो आणि वजाबाकी चुकते.

भाच्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने माझा जॅक फोडला. बाहेर कंपनीचं नाव ठसठशीत. आत पाटी नाही, रेषा नाहीत. आठ पात्या तोंडापासून मागच्या खाचांपर्यंत सरळसोट, कंगव्याच्या दातांसारख्या. त्याच्या बॅगेत त्याच कंपनीचा एक अस्सल जॅक होता, तोही त्याने माझ्यासाठी फोडला (मला उगाच चुकचुकल्यासारखं झालं). पोपटी पाटी, तिच्यावर केसांसारख्या रेषा. फोडण्याआधी दोन्ही शेजारी ठेवले असते तर मला ओळखता आले नसते.

शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, चारही लागतात, आणि प्रत्येकीतून एकाच वेळी जाणं-येणं चालतं, म्हणून शेजारचा गोंगाट तिथे लगेच बाधतो. पॅकेट खराब होतात, पुन्हा मागवावी लागतात. साधा मजकूर त्यातूनही सरकतो. आकृती अडकते.

मग मला रिपोर्ट आठवले. चोवीस पानं, स्पायरल बाइंडिंग, प्रत्येक पानावर हिरव्या रंगात 'पास'. तोवर मी पहिल्या पानापलीकडे गेलो नव्हतो. केबलची लांबी ४१.२ मीटर. दुसऱ्या पानावर ४१.२. चोविसाव्या पानावरही ४१.२. एक नंबरचं टेबल रॅकला इतकं खेटून आहे की खुर्चीवरून हात लांबवला तर रॅकला लागतो. त्याचीही केबल ४१.२ मीटर. क्रॉसटॉकचा आकडा सगळीकडे तोच, दशांशासकट. आणि तारीख काम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधीची. कुठल्यातरी दुसऱ्या इमारतीचा एक खरा रिपोर्ट, वरचं नाव बदलून चोवीस वेळा छापलेला. त्याचे मी ३,६०० रुपये दिले होते.

खरं मशीन लाखांत जातं. भाच्याच्या ओळखीने एक जण कोल्हापूरहून दिवसभरासाठी ते घेऊन आला. भिंतीतले चोवीस पॉइंट तपासले, बावीस नापास. मला वाटलं होतं, रॅकजवळचे तरी निघतील. सर्वांत वाईट तेच निघाले. केबल आखूड असली की पलीकडच्या जॅकमधला गोंगाट वाटेत फारसा विरत नाही, तसाच परत येतो. क्रॉसटॉक केबलमध्ये नेमका कुठे होतोय, याचा आलेखही त्या मशीनवर दिसतो. मध्ये रेषा जवळपास सपाट आणि दोन टोकांना दोन डोंगर. दोन जॅक.

चार पॉइंटचे जॅक बदलले, पीळ नीट ठेवला. डोंगर बसले, चारही पास. मी खूश, म्हटलं दहा हजारांत सुटलो. पण तो माणूस पडद्याकडे बघत थांबला होता. "लांबी वीस मीटर, आणि लूप रेझिस्टन्स, म्हणजे तारेचा जाऊन-येऊन विरोध, सव्वाचार ओहम? तांब्याची असती तर पावणेतीनच्या आसपास यायला पाहिजे. मशीन पास म्हणतंय, कारण नव्वद मीटरला चालेल तेवढा आकडा त्याला चालतो. पण काका, ही केबल तांब्याची नाही." ॲल्युमिनियमची तार, वर तांब्याचा पातळ मुलामा. कॅट-६च्या मानकात असली तार बसतच नाही. शिवाय ती ठिसूळ असते आणि जॅकच्या खाचेत कालांतराने सैल पडते. सगळं काढा, म्हणाला.

हे मला काम सुरू व्हायच्या आधी, फुकटात कळलं असतं. ३०५ मीटरच्या न वापरलेल्या खोक्यात केबलची दोन्ही टोकं बहुधा हाताशी असतात. साध्या मल्टिमीटरने एकाच तारेची दोन टोकं मोजली तर तांब्याला वीस-एकवीस ओहम येतात, माझ्या मालाला तिशीच्या पुढे. तेही नको असेल तर खोकं काट्यावर ठेवा. पूर्ण जाडीच्या तारेचं तांबंच साडेपाच-पावणेसहा किलो भरतं. मुलाम्याच्या तारेत धातू जेमतेम सव्वादोन किलो. सांगलीत राहून, जिथे हळदीच्या पोत्यात छटाकभर माती सापडली तर भांडण होतं तिथे राहून, मी खोकं उचलूनही बघितलं नाही.

ठेकेदार आधी म्हणाला, मला दुकानदारानेच डुप्लिकेट माल दिला, मी तरी काय करू. रिपोर्टचं विचारल्यावर, "ऑफिसातल्या पोरानं काय तरी घोळ केला असंल." तिसऱ्या फोननंतर नंबर बंद.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, ४० हजारांचा यूपीआय आणि ते दिव्य रिपोर्ट. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. पण धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या स्वयंरोजगाराला त्यातून सूट मिळू शकते, आणि तेवढ्यावर आपल्याला भांडावं लागेल, असं वकीलबाई म्हणाल्या. कागद त्यांच्याकडे दिले आहेत. पक्कं बिल असतं तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं.

नवं काम दुसऱ्याला दिलं. या वेळी बिल पक्कं, दर दहा जॅकमधला एक माझ्यासमोर फोडायचा, त्याचे पैसे माझे, आणि शेवटचे तीस टक्के मशीनवरचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत आल्यावर. त्या गृहस्थाने डोळे फिरवले, पण कबूल केलं.

जुनी केबल काढली तेव्हा दोन गोण्या भरल्या. भंगारवाला आला. खरं सांगतो, माझ्या मनात पाप आलं. टोकं दिसायला तांबडी आहेत, गाडीवाल्याला काय कळतंय. मी गोणी पुढे केली आणि म्हटलं, "कॉपर आहे, चांगलं."

त्याने एक तार ओढली, दाताने प्लॅस्टिक सोललं आणि ब्लेडने एकदाच खरवडलं. मग ती माझ्या नाकासमोर धरली. तांबड्याखाली चंदेरी रेघ.

"आतनं पांढरं हाय की ओ काका. कुणी गंडवलं तुमास्नी?"