‘चॅरिटी शो आहे, मानधनाचं काय घेऊन बसलाय?’

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात स्वतःची गाणी वाजवणारा बँड असेल, शाहिरी पथक असेल, कॉलेजची पोरं असतील, त्यांनी हे वाचावं. पूरग्रस्त शाळांसाठी कार्यक्रम करूया म्हणून एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. ते अजून फिरतायत. प्रकरण कोर्टात आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांची पद्धत लिहायला कुणाची हरकत नसावी.

आमचा बँड पाच जणांचा. मी बेस वाजवतो आणि हिशेब बघतो. दुसरं काम मला मिळालं कारण बाकी कुणी घ्यायला तयार नव्हतं. प्रॅक्टिस राजारामपुरीत एका दुकानावरच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या सहनशक्तीवर. त्या वर्षी एका ज्येष्ठ शाहिरांबरोबर काही गाणी बसवली होती. एका बाजूला डफ-तुणतुणं, दुसऱ्या बाजूला गिटारचा खरखरीत डिस्टॉर्शन. शाहिरांच्या कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायची टिकटिक, घालायचा प्रयत्न केला, तर त्यांनी हेडफोन काढून ड्रमरच्या हातात दिला. "मी दम घेतला की तू थांबायचं, एवढंच." मग तेच केलं. त्याला वेळ गेला, पण जमल्यावर गावोगावच्या यात्रांमधून सुपाऱ्या यायला लागल्या. असली माणसं याच टप्प्यावर येतात. रिकाम्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडकडे ती फिरकत नाहीत, कारण त्याच्या फोटोवर कुणी पैसे देत नाही.

साल 2024. जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. 2019 आणि 2021 ज्यांनी बघितलंय त्यांना 39 फुटांच्या इशाऱ्यालाच झोप लागत नाही. पाणी उतरतंय न उतरतंय तोवर 8 ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं थिएटर. खासबागेजवळ रात्री उभी असलेली माणसं रडत होती, त्यात नाटकाचं तिकीट कधी न काढलेलीही होती. सांगायचा मुद्दा असा की गाव त्या दिवसांत हळवं झालं होतं आणि मदत मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नव्हतं. आमच्या गृहस्थांना पुराने निमित्त दिलं, आणि जळालेल्या नाट्यगृहाने खर्च फुगवायला सबब दिली.

पहिल्या भेटीत त्यांनी शाहिरांच्या पायाला हात लावला. प्रतिष्ठानचं लेटरहेड, त्यावर नोंदणी क्रमांक, पुढाऱ्यांबरोबरच्या फोटोंची फाईल. शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेचं पत्र: पुरात वर्गखोल्यांचं नुकसान झालंय, मदत मिळाल्यास आभारी राहू. पत्र खरं होतं, हे नंतर कळलं. प्रस्ताव असा, की कोल्हापूरचा शो चॅरिटी, त्यानंतर सांगली, इचलकरंजी आणि पुणे असा दौरा, तिन्ही ठिकाणी मानधन. गिटारवाल्याने कोल्हापूरच्या शोसाठी निदान प्रवास आणि बॅकलाइनच्या (स्टेजवरचे अँप, ड्रम वगैरे) भाड्याचं विचारलं.

"भावा, चॅरिटी शो आहे. मानधनाचं काय घेऊन बसलाय? पोरांच्या डोक्यावर छप्पर नाही तिकडं."

खोलीत सगळे गप्प. शाहीर म्हणाले, "पुराचं काम हाय. बिदागी नगं."

सगळी मेख या एका वाक्यात आहे. पूर, अनाथाश्रम, कॅन्सरचा पेशंट, शहिदाचं कुटुंब यातलं काहीही पुढे ठेवलं की हिशेब विचारणारा माणूस आपोआप हलका ठरतो. लग्नाच्या सुपारीत आपण पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो, निम्मी रक्कम बयाणा घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. चॅरिटी म्हटलं की लेखी करारसुद्धा मागवत नाही. आणि पैसे तर तिथेच सगळ्यात सैल फिरत असतात: पास, स्पॉन्सर, देणगी, बादलीत पडणाऱ्या नोटा. पूर्वी आम्ही चांगले चॅरिटी शोही केलेत. तिथल्या आयोजकांनी न विचारता हिशेबाचा कागद हातात दिला होता, चहाच्या खर्चासकट.

शो एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये झाला. पास 300 रुपयांचा, हॉल भरलेला, मागे लोक उभे. शाहिरांनी पुरावर रचलेला पोवाडा घेतला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. त्याच वेळी दाराशी एक स्टँडी होती, तिच्यावर क्यूआर कोड आणि खाली मोठ्या अक्षरात ‘थेट शाळेच्या खात्यात’. आमच्या गायिकेच्या भावाने स्कॅन केलं तर फोनवर नाव आलं एका बाईचं. शाळेचं नाही, प्रतिष्ठानचंही नाही. त्याने तिथेच विचारलं. "खजिनदार मॅडमचं खातं आहे, ट्रस्टच्या खात्याचं केवायसी अडकलंय." उत्तर तयार होतं. पोरगं हुशार, त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला. आज आमच्या तक्रारीला जोडलेल्या कागदांत सगळ्यात कामाचा कागद तो आहे.

नंतर हिशेबाचं पान आलं, तेही आम्ही मागे लागल्यावर. शिल्लक जवळजवळ शून्य. हॉलभाडं 60,000. साउंड 85,000. जनरेटर, बंदोबस्त, जेवण. ‘म्युझिक लायसन’ 15,000, पावती नाही. गाणी सगळी आमची, आमच्यापैकी कुणी कुठल्या कॉपीराइट सोसायटीचा (गाणी वाजवण्याच्या लायसनचे पैसे गोळा करणारी संस्था) सभासद नाही, मग लायसनचे पैसे कुणाला दिले? नाट्यगृह जळाल्यामुळे हॉलवाल्यांनी भाव वाढवलेत, असं गृहस्थ म्हणाले. पटण्यासारखं होतं. पण साउंडवाला आमच्या ओळखीचा. त्याला फोन लावला तर तो आमच्यावरच उखडला: "कसले 85? तीस ठरलेत, त्यातले दहा अजून येणे आहेत. तुम्ही सांगताय का त्यांना?"

आता पावत्यांचं. माझ्या मामांचं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे. भाच्याचा बँड म्हणून त्यांनी 5,000 रुपये रोख दिले होते. पावतीवर शिक्का, ‘80 ग अंतर्गत करसवलत पात्र’, म्हणजे देणगीवर आयकरात सूट. मामांच्या सीएने पावती बघितली आणि परत दिली. रोखीतल्या देणगीला 2,000 च्या वर ही सवलत मिळतच नाही. शिवाय तेव्हाच्या नियमाने सवलत हवी तर ट्रस्टचा पॅन, 80 ग चा नोंदणी क्रमांक आणि वर्ष संपल्यावर ट्रस्टकडून फॉर्म 10 बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, लागत होतं. या पावतीवर शिक्क्याशिवाय काहीच नव्हतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या गिटारवाल्याच्या ओळखीचे एक व्यापारी गांधीनगरात कापडाचा होलसेल धंदा करतात, त्यांनीही 11,000 दिले होते. त्यांची पावती आणली आणि मामांच्या काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींवर क्रमांक 47. दोन्ही मूळ प्रती, कार्बनची एकही नाही. अक्षर वेगळं. वर आमचा फोटो, मध्ये शाहीर. एकीवर शाहिरांचा फेटा केशरी, दुसरीवर चक्क गुलाबी. म्हणजे पुस्तकं दोनदा छापली होती, दोन वेगळ्या ठिकाणी. अशी किती पुस्तकं निघाली, कुणास ठाऊक. मामा एवढंच म्हणाले, "फोटो तुमचा हाय बघ."

तेच खरं नुकसान. पैसे त्यांनी खाल्ले, पण लोकांनी ते दिले होते आमच्या आणि शाहिरांच्या तोंडाकडे बघून. शाहीर आयुष्यभर वर्गणी मागायला कुणाच्या दारात गेले नव्हते. आता गुजरीत एक सराफ त्यांना विचारतो, "शाहीर, त्या शाळेचं झालं का ओ?"

शाळेचं काय झालं ते बघायला आम्ही शिरोळला गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी बसवून चहा दिला. "तुमचे साहेब येऊन गेले की. पोरांबरोबर फोटो काढले, वह्यांचे दोन गठ्ठे दिले. कार्यक्रमाचं काही बोलले नाहीत." पत्र त्यांनीच दिलेलं होतं, मागणी करणाऱ्या प्रत्येकाला देतात तसं. वह्यांवर एका पतसंस्थेची जाहिरात होती; त्याही फुकटच मिळालेल्या असणार.

मग लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक शोधला. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर बघता येतं, कार्यालयात जाऊनही विचारता येतं. सार्वजनिक न्यासाच्या क्रमांकापुढे कंसात जिल्हा असतो. यांच्या क्रमांकापुढचा जिल्हा छापलाच नव्हता, आणि त्या आकड्याचा कोल्हापुरातला न्यास भलताच निघाला. नोंदणी नसलेल्यांनीही धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खाली या कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. गणपतीची मंडळं दरवर्षी घेतात तीच. गल्लीतलं बारकं मंडळ ती घेतं, यांनी घेतली नव्हती.

दौऱ्याचं थोडक्यात सांगतो. पुणे आणि इचलकरंजीसाठी ‘हॉल डिपॉझिटमधला बँडचा वाटा’ म्हणून पैसे घेतले गेले, शो झालेच नाहीत. जो आयोजक कलाकाराकडून पैसे मागतो तो आयोजक नव्हे. सांगलीचा झाला, एका कंपनीच्या स्नेहमेळाव्यात. कंपनीने गृहस्थांना पूर्ण पैसे दिले, हे त्यांच्या एचआरने लेखी दिलंय. आम्हाला 45,000 ठरले होते. 10 टक्के टीडीएस कापून 40,500 चा चेक आला. टीडीएस कापला म्हटल्यावर व्यवहार कसा पक्का वाटतो बघा. आमच्या पॅनवर फॉर्म 26 एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात, त्यातला एक रुपया दिसत नाही.

चेक परत आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून. इथून पुढचं नीट वाचा, कारण या माणसाची सगळी कला इथे आहे. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार, परक्राम्य संलेख अधिनियम, कलम 138. नोटिशीची मुदत आमच्या हातून निघून जावी म्हणून त्या पहिल्या 30 दिवसांत गृहस्थ इतके गोड वागले की विचारू नका. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर अंबाबाईचा फोटो. "सोमवारी आरटीजीएस करतो." सोमवारी आरटीजीएसचा स्क्रीनशॉटही आला. आरटीजीएसचा यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) 22 अक्षरांचा असतो, यांच्या स्क्रीनशॉटवर 12 आकडे होते. वकील मॅडमनी तो बघितला आणि त्याच दिवशी नोटीस टाकली. रजिस्टर्ड पाकीट ‘सूचना दिली, घेतले नाही’ असा शेरा मारून परत आलं. त्याने काही बिघडत नाही. पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असंच कायदा धरून चालतो. पाकीट मात्र फोडू नका, तसंच कोर्टात द्यायचं असतं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं ऐकायला मिळालं. चेकपुरतं ते चाललं असतं. दोन 47 नंबरच्या पावत्या टेबलावर ठेवल्यावर सूर बदलला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली लेखी अर्ज घेतला आणि पोच दिली. पोच घेतल्याशिवाय उठू नका, साहेब बाहेर गेलेत असं सांगितलं तरी बसून राहा. पुढची तारीख कसबा बावड्याच्या कोर्टात आहे. पैसे कधी येतील यावर बँडमध्ये पैजा लागल्यात, आणि ड्रमर सगळ्यात निराशावादी असल्यामुळे तोच पुढे आहे.

शो आम्ही थांबवलेले नाहीत. चॅरिटीचेही करतो. फरक इतकाच की आता देणगी प्रेक्षक शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यावर स्वतः भरतात, क्यूआर लावला तर साउंड चेकच्या वेळी आमच्यातलाच एक जण रुपया पाठवून नाव बघतो, आणि फोटो छापलेलं पावतीपुस्तक असेल तर पहिला व शेवटचा क्रमांक करारात लिहून घेतो. एका आयोजकाला याचा राग आला. त्याचा शो आम्ही सोडला. शाहिरांची अट वेगळीच आहे: ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांच्यातलं कुणीतरी पुढच्या रांगेत बसलेलं पाहिजे.

हे लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका बँडमधल्या मुलाचा फोन आला. तोच माणूस, नवं प्रतिष्ठान, या वेळी गोशाळा. त्याला दोन्ही पावत्यांचे फोटो पाठवलेत. तुमच्यापैकी कुणी त्या पूरग्रस्त शाळेच्या कार्यक्रमाला देणगी दिली असेल तर पावती फेकू नका. क्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो काढा, आणि पैसे क्यूआरवर भरले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमधली ती नोंद काढून ठेवा. तपास अधिकारी देणगीदारांचे जबाब घेतायत, आणि 47 नंबरची तिसरी पावती कुणाकडे निघाली तर त्यांना ती हवीच आहे.