डोळ्यावरची गाठ: शस्त्रक्रिया की थेंब?

मामांच्या उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, जेलीसारखा पांढरट उंचवटा आला. निफाडच्या द्राक्षबागेत उन्हात जन्म गेलेला माणूस. जो तो म्हणे, मांस वाढलंय. निघाला डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग, पण वरच्या थरापुरताच. तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या.

शस्त्रक्रियेत गाठीला थेट चिमटा लावत नाहीत. भोवतीची 3-4 मिलिमीटर निरोगी जागा धरून ती अलगद काढतात, राहिलेल्या पेशी मराव्यात म्हणून कडा दोनदा गोठवतात आणि जागा मोठी असेल तर वारेचा पातळ पडदा लावून झाकतात. गाठ एकाच दिवसात जाते, आणि अख्खा तुकडा तपासायला मिळतो. ही दुसरी गोष्ट फार मोलाची: निदानात शंका असेल किंवा गाठ खाली रुतून हलत नसेल, तर मी थेंबांचा विचारच करणार नाही. अडचण अशी की डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्करोगाच्या पेशी कडेला राहू शकतात. गाठ बुबुळाच्या निम्म्या घेरावर पसरली असेल तर तिच्याबरोबर बुबुळाचा पृष्ठभाग नवा करत राहणाऱ्या तिथल्या मूळ पेशीही जातात आणि पुढे बुबुळ धुरकट होऊ शकतं.

थेंब सगळ्या पृष्ठभागावर पोचतात, टाके पडत नाहीत. औषधं तीन. फ्लुरोयुरॅसिल सहसा आठवडाभर दिवसातून 4 वेळा, मग 3 आठवडे सुट्टी, अशा काही फेऱ्या. डोळा लाल होतो, चुरचुरतो. मामी प्रत्येक वेळी आधी मामांच्या खालच्या पापणीच्या बाहेरच्या कातडीवर व्हॅसलीन लावायच्या, थेंब ओघळून कातडी सोलवटू नये म्हणून. मायटोमायसिन जास्त जहाल. इंटरफेरॉन डोळ्याला सर्वांत सौम्य, पण महिनोन्‌महिने घालावं लागतं आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते, तिथे हा खरा प्रश्न आहे.

लहान, वरवरच्या गाठीत दोन्ही वाटांनी गुण चांगला येतो. घरात वेळेवर थेंब घालणारं माणूस असेल तर मी थेंबांकडे झुकेन. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या आजीला मात्र शस्त्रक्रियाच सुचवेन. शस्त्रक्रियेनंतर कडेला पेशी सापडल्या तर पुढे थेंबही देतात, म्हणजे एक वाट धरली की दुसरी बंद होत नाही. तरुण वयात या कर्करोगामागे एचआयव्ही असू शकतो, म्हणून रुग्ण तरुण असेल तर डॉक्टर त्याची तपासणी सांगतील. ती टाळू नका.

मामांनी थेंब घेतले, डोळा स्वच्छ झाला. तरी ठरलेल्या तारखेला ते तपासणीला जातातच. डॉक्टर दर वेळी वरची पापणी उलटवून आतही पाहतात.