मोडेम गेलाच नव्हता: तपकीर गल्लीतल्या जिन्याखालच्या दुकानाबद्दल

मी घरून जीएसटीची कामं करते. २० तारीख ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायची शेवटची, आणि १९ला सकाळी मोडेमने मान टाकली. दिवे लागायचे, पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर व्हायचा आणि क्षणात सगळे विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मोडेमच्या सेटिंगचं पान, १९२.१६८.१.१, उघडेना. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, तेच. इंटरनेटवाल्यांनी फोनवरच सांगून टाकलं, "मोडेम गेला मॅडम, नवीन घ्या."

मोडेम पिशवीत घातला आणि पुण्यातल्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. अडॅप्टरही नेला होता, तेच कामाला आलं.

जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी मोडेमला हातच लावला नाही. "एलओएसचा लाल दिवा लागत होता का?" (फायबरमधून सिग्नल येत नसला की तो लागतो.) नाही म्हटल्यावर, "मग फायबर ठीक आहे, ताई. अडॅप्टर द्या." मीटरवर बरोबर १२ व्होल्ट! म्हणजे मोडेमच गेला, माझ्या पोटात गोळा आला. पण मग त्यांनी त्याच पिनेला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब जोडला, आणि आकडा घसरून सातावर आला. नुसता मोजला तर ठणठणीत, लोड आला की बसतो. वायफाय सुरू होताना मोडेम जास्त करंट ओढतो, नेमका तेव्हाच तो बंद पडत होता. अडॅप्टर उघडून आतला डोकं फुगलेला, म्हणजे खराब झालेला, कपॅसिटरही दाखवला.

जुना १२ व्होल्ट, १ अँपिअरचा होता. त्यांनी २ अँपिअरचा दिला, २५० रुपये. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात, मोडेम लागेल तेवढेच घेतो, हे मला नीट समजावलं. आणि विचारलं, "रिसेटच्या भोकात टाचणी नाही ना घातलीत?" घातली असती तर कनेक्शनचा युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीने जोडणीसाठी दिलेला क्रमांक) सगळं पुसलं गेलं असतं आणि कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागलं असतं.

दुकान चिंचोळं आहे, उभंच राहावं लागतं, मला पाऊण तास लागला. पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत. गल्लीत गाडी नेऊ नका. पण मोडेम विकायची आयती संधी असताना या माणसाने मला अडॅप्टर विकला, म्हणून पाचपैकी पाच.

त्या रात्री अकरापर्यंत सात रिटर्न गेले. आता तीन आठवडे झाले, मोडेम एकदाही बंद पडलेला नाही.