लेसरने कण पळवायचे, तर कशातून? गॅस, फॉइल की चिप

लेसर त्वरकाचा (लेसरने कणांना वेग देणाऱ्या यंत्राचा) विषय निघाला की मीटरमागे किती व्होल्ट, हा आकडा आधी पुढे येतो. निवड करताना तो बाजूला ठेवा आणि विचारा: नमुन्यावर दर सेकंदाला किती प्रभार पडायला हवा? रेडिओ लहरींवर चालणाऱ्या नेहमीच्या लिनॅकमध्ये (सरळ रेषेतल्या त्वरकात) मीटरमागे साधारण २० ते १०० मेगाव्होल्ट मिळतात, प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या गॅसमध्ये, त्याच्या हजारपट. पण १० हर्ट्झच्या लेसरने शॉटमागे १०० पिकोकुलोंब दिले तरी सरासरी प्रवाह भरतो फक्त १ नॅनोअँपिअर. वस्तू निर्जंतुक करायच्या असतील किंवा तासन्‌तास एकसारखा बीम हवा असेल, तर लिनॅकच घ्या. वीज वापरण्यातही या कामाचा नेहमीचा टायटेनियम-सफायर लेसर त्याच्या जवळपास येत नाही.

लेसर कामाला येतो तो काही फेम्टोसेकंदांचा इलेक्ट्रॉन-पुंजका, थोड्या जागेत जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा किंवा एका झटक्यात प्रोटॉनांचा लोंढा हवा असतो तेव्हा. मात्र प्रकाशाचे विद्युतक्षेत्र आडवे आणि उलटसुलट. निर्वातात ते इलेक्ट्रॉनला जे देते, ते पुढच्या क्षणी काढून घेते. म्हणून मध्ये काहीतरी लागतेच, आणि ते काय असावे यावर सगळा हिशेब बदलतो.

इलेक्ट्रॉन हवे असतील तर गॅस. ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ साली ही कल्पना मांडली, पण तेवढ्या तीव्र पल्स (प्रकाशाचे क्षणिक झटके) आटोपशीर लेसरमधून मिळू लागल्या त्या स्ट्रिकलंड आणि मुरू यांच्या १९८५च्या, पल्स ताणून वाढवायची आणि मग पुन्हा दाबायची या तंत्रामुळे (२०१८च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याला). पल्स गॅसमधून जाताना इलेक्ट्रॉन बाजूला लोटते, जड आयन जागचे हलत नाहीत, आणि मागे प्रभाराची लाट उठते. तिच्यात शिरलेले इलेक्ट्रॉन पुढे ढकलले जातात. घन सेंटीमीटरला १०चा १८वा घात इतके इलेक्ट्रॉन असतील, तर ही लाट ३३ मायक्रॉन लांब असते आणि मीटरमागे ९६ गिगाव्होल्टपर्यंतचे क्षेत्र पेलते.

खरा निर्णय इथे घनतेचा. घनता याच्या पाचपट ठेवली, तर पल्स स्वतःला आवळून धरायला सुमारे ६ टेरावॉट पुरतात. पण इलेक्ट्रॉन साधारण ५ मिलिमीटरमध्येच लाटेच्या पुढे निघून जातात आणि ऊर्जा गमावू लागतात. पाचपट न करता मूळच्याच घनतेवर राहिलात तर हे अंतर ६ सेंटीमीटरच्या आसपास जाते, आणि लेसर लागतो ३० टेरावॉटच्या वर. बर्कलेच्या गटाने २०१९मध्ये २० सेंटीमीटरमध्ये ७.८ जीईव्ही गाठले, ते ८५० टेरावॉटच्या जोरावर. ५० ते १०० टेरावॉट हाताशी असतील तर काही मिलिमीटरचा जेट (गॅसचा फवारा) आणि काहीशे एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), हे लक्ष्य शहाणपणाचे.

हेलियममध्ये १ टक्का नायट्रोजन मिसळला की इलेक्ट्रॉन लाटेत शिरणे सोपे होते. नायट्रोजनचे आतले इलेक्ट्रॉन पल्सच्या शिखरापाशीच सुटतात. गोची अशी की ते वाटभर सुटत राहतात, उशिरा शिरलेल्यांना कमी ऊर्जा मिळते आणि ऊर्जेचा वर्णपट पसरतो. नायट्रोजन पहिल्या मिलिमीटरपुरता ठेवा, किंवा जेटच्या कडेला पाते सरकवून घनतेची पायरी तयार करा. पायरीपाशी इलेक्ट्रॉन एकदम शिरतात. बीम दिवसागणिक हलत असेल तर गॅसला दोष देण्याआधी फोकसचा ठिपका पाहा. बहुतेक वेळा पॅराबोला, म्हणजे फोकस करणारा आरसा, किंचित तिरका झालेला असतो.

प्रोटॉन हवे असतील तर फॉइल. काही मायक्रॉन जाडीच्या पत्र्यावर चौरस सेंटीमीटरला १०चा २०वा घात वॉट एवढी तीव्रता टाकली की तापलेले इलेक्ट्रॉन आरपार जातात आणि मागच्या पृष्ठभागावरचे आयन ओढून नेतात. गंमत म्हणजे अॅल्युमिनियमच्या फॉइलमधूनही प्रोटॉनच आधी निघतात; ते धातूचे नसून पृष्ठभागावर साचलेल्या पाण्याच्या आणि तेलाच्या थरातले असतात. ऊर्जा एकसारखी नसते, शेपटी उतरत जाते, आणि बीम शंकूसारखा पसरतो. रेडिओग्राफीला आणि न्यूट्रॉन काढायला हे चालते, उपचाराला नाही.

फॉइलवर सर्वाधिक वेळ जातो तो कॉन्ट्रास्टवर, म्हणजे मुख्य पल्स आणि तिच्या आधीचा उजेड यांच्यातल्या फरकावर. मुख्य पल्सच्या आधी १०चा ८वा घात पटीने क्षीण उजेड आला तरी तो १०चा १२वा घात वॉट असतो. एवढ्याने पातळ फॉइल आधीच उधळते आणि खऱ्या पल्सला उरते ती वाफ. प्लाझ्मा-आरसा (क्षीण उजेड आरपार सोडणारी आणि तीव्र पल्स आली की प्लाझ्मा होऊन तिला परावर्तित करणारी काच) बसवला तर कॉन्ट्रास्ट सुमारे शंभरपट सुधारतो, पण २०-३० टक्के ऊर्जा जाते. शिवाय दर शॉटला टार्गेट संपते, उडालेला कचरा पॅराबोलावर बसतो, आणि विद्युतचुंबकीय झटक्याने कॅमेरे आणि पंपांचे कंट्रोलर बंद पडतात. केबल आणि खोके आधीपासून नीट झाकलेले हवेत.

चिप, म्हणजे क्वार्ट्झ किंवा सिलिकॉनवर कोरलेल्या खोबणी. प्रकाशाच्या एका आवर्तनात इलेक्ट्रॉन जेवढा सरकतो तेवढे खोबणींचे अंतर ठेवतात. २०१३मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मीटरमागे ३०० मेगाव्होल्टहून अधिक दाखवले, आणि २०२३मध्ये एर्लांगेनच्या गटाने अर्ध्या मिलिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन २८.४वरून ४०.७ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) नेले. इलेक्ट्रॉनची वाट अवघी २२५ नॅनोमीटर रुंद, त्यामुळे प्रवाह नगण्य. नॅनोफॅब्रिकेशनची (नॅनोमीटर मापाची रचना कोरण्याची) सोय आणि त्याच विषयात संशोधन, दोन्ही नसेल तर या वाटेला जाऊ नका.

एकच लेसर गॅस आणि फॉइल दोन्हीला वापरायचा बेत असेल, तर निर्वात कक्ष वेगळे ठेवा. गॅसला लांब फोकसचा पॅराबोला लागतो, ठिपका २० मायक्रॉनच्या आसपास. फॉइलला आखूड, ठिपका ३ ते ५ मायक्रॉन. काँक्रीटची भिंत मात्र गॅसच्या हिशेबाने बांधा: प्रवाह कितीही छोटा असला तरी जीईव्हीचे इलेक्ट्रॉन थांबताना आरपार जाणारी गॅमा किरणे देतात.