देणगी कुणाला, हे वर्गाने ठरवावं की वस्तीने?

कॉलेजने आसपासच्या संस्थांसाठी थोडा निधी काढलाय आणि तो दोन-तीन विश्वस्तांनी परस्पर वाटू नये, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. गाडी अडते ती पुढे: शेवटचा शब्द कुणाचा?

एक मार्ग वर्गाचा. एखाद्या विषयाला जोडून विद्यार्थ्यांच्या हाती खरी रक्कम द्यायची. ते अर्ज मागवतात, संस्था पाहून येतात आणि सत्राअखेरीस वादावादी करून निर्णय घेतात. अमेरिकेत नॉर्दर्न केंटकी विद्यापीठाचा मायरसन प्रकल्प अनेक वर्षं हे करतोय. वॉरन बफे यांच्या थोरल्या भगिनी डॉरिस बफे यांच्या लर्निंग बाय गिव्हिंग फाउंडेशननेही अशा वर्गांना पैसे पुरवले. मुलं यातून खूप शिकतात. ताळेबंद वाचणं, चांगल्या संस्थेला तोंडावर नाही म्हणणं, हे पुस्तकातून येत नाही. (पैसे हाती द्यायची धास्ती वाटत असेल, तर मुलांनी फक्त शिफारस करायची आणि मंजुरी देणगीदाराने द्यायची, अशी सौम्य आवृत्तीही आहे.)

पण इथे खरा मालक सत्राचं वेळापत्रक असतं. शिवाय सुबक अर्ज जिंकतो. समजा, एका अभ्यासिकेचा अर्ज देखणा आहे, फोटो, तक्ते, सगळं जागच्या जागी. वर्ग खूश. तिथे वस्तीतली एखादी बाई बसली असती तर तिने एवढंच विचारलं असतं, "संध्याकाळी सातनंतर उघडी असते का? आमची पोरं तेव्हाच मोकळी होतात." हा प्रश्न वर्गातल्या कुणालाही सुचत नाही.

म्हणून मला दुसरा मार्ग जवळचा वाटतो: मिश्र समिती, ज्यात निम्म्याहून जास्त मतं वस्तीची. ही कल्पना नवी नाही. बोस्टनमध्ये 1974 साली सुरू झालेल्या हेमार्केट पीपल्स फंडात पैसे श्रीमंत तरुणांनी दिले आणि वाटपाचा निर्णय चळवळीतल्या कार्यकर्त्यांकडे सोपवला. मात्र हे काम वेळखाऊ आहे. बैठका कामाच्या वेळेबाहेर ठेवाव्या लागतात, मानधन द्यावं लागतं. आणि सभासदाची स्वतःचीच संस्था अर्जदार निघते, हे हमखास घडतं; त्या अर्जावर त्याने बाहेर बसायचं, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. नंतर लिहिला की तो कुणावर तरी रोखलेला वाटतो.

तिसरा मार्ग, अर्जदारांनीच एकमेकांना मतं देण्याचा. फ्रिडा हा तरुण स्त्रीवाद्यांचा निधी तसं करतो. पहिल्याच वर्षी कॉलेजने याच्या वाटेला जाऊ नये. अर्जदारांचा आपसांत आणि तुमच्यावर विश्वास आधी हवा.

तुमच्याकडे एकच सत्र आणि एकच उत्साही प्राध्यापक असेल, तर वर्गाचा मार्ग बिनधास्त घ्या. फक्त पत्रकात त्याला "लोकसहभाग" म्हणू नका, अभ्यासक्रम म्हणा. तीन वर्षं निधी टिकणार असेल, तर समिती नेमा आणि विद्यार्थ्यांना तिच्यासाठी संस्थांच्या भेटीगाठींचं, कागदपत्रं तपासण्याचं काम द्या.